आठ खुणांचा ड्रम

२००३ च्या दिवाळीनंतर चेक बोरटी गावात अशी बातमी उठली, की इस्तारी मांढरे फौजेतून येताना ट्रंकेत बारूद घेऊन आला आणि आता दिवसाढवळ्या, स्वतःच्या आंगणात, ड्रमावर ती घोटून राह्यला. बातमी निघाली पोचूच्या पानठेल्यावरून. पोचूकडे सुपारी-तंबाखूचा खर्रा आणि बातमी दोन्ही ताज्या मिळतात, आणि चुना दोन्हींत सारखाच असतो. सकाळच्या बारुदीचा दुपारी बॉम्ब झाला, संध्याकाळी बॉम्बाचे दोन झाले, आणि पोंभुर्ण्याच्या बाजारात पोचेपर्यंत इस्तारीचं घर उडूनही गेलं होतं. इस्तारी त्या वेळी त्याच घरात बसून झिंग्याच्या रश्श्याशी भात खात होता.

घर उडाल्याचं कानावर गेल्यावर ठाण्याचा एक शिपाई सायकलने चौकशीला आला. आंगणात चिंचेखाली डिझेलचा जुना ड्रम होता, आत रेती भरून जड केलेला. ड्रमाच्या डोक्यावर तीन लाकडी गुटक्यांत अडकवलेली, वीतभर रुंदीची गोल जाड काच. तिच्यावर तशीच दुसरी. दोन्हींच्या मध्ये काळी भुकटी आणि पाणी. आणि बनियन-लुंगीतला इस्तारी वरची काच दोन्ही हातांनी पुढे-मागे घाशीत ड्रमाभोवती फिरत होता. शिपायाने भुकटी चिमटीत घेतली, हुंगली, जिभेकडे न्यायला लागला.

"खाऊ नका साहेब," इस्तारी म्हणाला, "काच घासाची भुकटी आहे. दात झिजून जातीन."

"घासून काय होते?"

"आरसा होते. दुर्बिणीचा. वरची काच घासून घासून मधात खोलगट होते, खालची फुगते. मंग त्या खोलगटात चंद्र मावते."

शिपायाने दहा फेऱ्या स्वतः घासून पाहिल्या, घाम पुसला, चहा घेतला आणि 'असू द्या' म्हणून निघून गेला. पोचूचा फार हिरमोड झाला. दुसऱ्या दिवशी त्याने बातमी दुरुस्त करून दिली: बारूद नाही, इस्तारी हवालदाराच्या डोक्यावर परिणाम आहे.

आता डोक्याचं म्हणाल, तर थोडा परिणाम होताच. पण तो काचेचा नव्हता, कवायतीचा होता.

इस्तारी ढिवराघरचा. बाप मामा तलावात, म्हणजे गावच्या जुन्या मालगुजारी तलावात, जाळं टाकायचा, आणि हाही डोंगा ढकलतच मोठा झाला. एकोणिसाव्या वर्षी चंद्रपूरला भरतीत छाती मोजून आला तो सरळ फौजेत गेला. सतरा वर्षांपैकी शेवटची सहा त्याने एका ट्रेनिंग सेंटरात कवायतीचा उस्ताद म्हणून काढली. शेकडो नव्या पोरांचे डावे-उजवे पाय त्याने जुळवले. अशा माणसाचं एक होतं, तो मैदान सोडून घरी येतो पण मैदान त्याला सोडत नाही. इस्तारी हापशी हापसायचा तो एक-दो, एक-दो. भाताचा घास चावायचा तोही मोजून. गोकुळा, त्याची बायको, बायकांत सांगायची, "आमच्या घरी पाणीसुद्धा कवायत करत येते, बाप्पा."

२००२ साली तो पेन्शन घेऊन आला तेव्हा वय छत्तीस. हातपाय धड, केस काळे, आणि करायला काही नाही. आमच्या भागात फौजी परत आला की लोक त्याला एकच जागा दाखवतात, ती म्हणजे गेट. बँकेचं गेट, मिलचं गेट, खाणीचं गेट. गोकुळाचा धाकटा भाऊ निकेश राजुऱ्याकडच्या एका कोळसा खाणीच्या गेटवर होता. त्याने भाऊजींसाठी शब्द टाकून ठेवला.

"उभं तर राहाचं आहे, भाऊजी," निकेश म्हणायचा. "फौजेत काय केलं? उभंच राह्यले ना?"

उभं राहण्याचं इस्तारीला वावडं नव्हतं. पण पुढची बावीस-पंचवीस वर्षं येणाऱ्याला 'कुठी चालला' विचारण्यात घालवायची, हे त्याच्या मनाला पटत नव्हतं.

अशातच पेन्शनच्या एका कागदासाठी तो चंद्रपूरला गेला आणि कचेरीच्या भिंतीवर त्याला चिठ्ठी दिसली: 'निवृत्त जवान विज्ञान केंद्र. शिकायला या.' पत्ता एका छापखान्याच्या माडीवरचा. वर गेला तर अन्नपूर्णा गंगशेट्टीवार नावाच्या ठेंगण्या, निवृत्त मास्तरीणबाई बसलेल्या. आयुष्यभर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलं, फौजेत गेलेला भाऊ परत आल्यावर रिकामा बसून बसून खंगला ते पाहिलं, आणि मग चार ओळखीच्यांकडून वर्गणी गोळा करून त्यांनी हे केंद्र काढलं. माजी सैनिकांनी विज्ञान हातांनी शिकावं आणि मग खेड्यांत जाऊन शिकवावं, एवढाच त्यांचा हट्ट.

त्यांनी इस्तारीची उंची विचारली नाही, छाती विचारली नाही. विचारलं, "हात स्थिर आहे का तुमचा? आणि धीर?"

"दोन्ही आहेत, मॅडम."

"मग ही घ्या काच."

बारा फौजींना बारा काचा मिळाल्या. अट साधी होती. प्रत्येकाने आपला आरसा स्वतः घासायचा. तीनदा तपासणी, शेवटची मे महिन्यात. ज्याचा आरसा पास होईल त्याला केंद्र दुर्बीण बांधून देईल, आणि तो आपल्या तालुक्यात शाळाशाळांतून ती घेऊन फिरेल. जेमतेम मानधन, पण काम पक्कं. पोंभुर्णा तालुक्यातून इस्तारी एकटाच होता.

गोकुळाने सगळं ऐकून घेतलं. ती मासे विकायला बसणारी बाई, भावात सहजी फसणारी नव्हे. "सात महिने," ती म्हणाली. "मे पावतर घासा. जमलं तं जमलं. नाई जमलं तं एक जूनले निकेशसंग गेटावर. कबूल?"

"कबूल."

आणि ड्रम आंगणात उभा राहिला.

मॅडमनी सांगितलेली रीत अशी: काच पुढे-मागे घासायची, हातातली थोडी वळवायची, ड्रमाभोवती एक पाऊल सरकायचं, पुन्हा घासायची. उस्तादाला आणखी काय हवं होतं! त्याने ड्रमाच्या कडेला खडूने मोजून आठ खुणा केल्या. एका खुणेवर आठ घासे, मग काचेला बरोबर एक अष्टमांश वळण, मग डावा पाय पुढच्या खुणेवर. खडू पुसला जायला लागला तेव्हा त्याने खुणा ऑइल पेंटने पक्क्या केल्या. सकाळी सातला सुरू, अकराला बंद. सगळं इतकं नेमकं, की गोकुळा त्याच्या घासण्यावर डाळ शिजवायची. पन्नास फेऱ्या झाल्या की डाळ झाली.

पोचूचा ठेला रस्त्याच्या पलीकडेच. तिकडून तो ओरडायचा, "का गा हवालदार, बैल कुठी गेला? घाण्याले तूच जुतला का?"

इस्तारी मान वर करायचा नाही. मोजणी चुकली असती.

फेब्रुवारीत पहिली तपासणी झाली. मॅडमनी काच चकचकीत करून घेतलेली होतीच. खोलीत अंधार केला, पत्र्याला सुईने भोक पाडून मागे बल्ब लावला, आणि आरशातून परतलेला उजेड भिंगाने पाहिला. भोक गोल, म्हणजे ठिपकाही गोल दिसायला हवा. इस्तारीच्या आरशात तो लांबट दिसत होता, थेट तांदळाच्या दाण्यासारखा. आरसा फिरवला तर दाणाही फिरायचा. म्हणजे दोष आरशातच.

"कुठेतरी एकसारखं घासलं गेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "पुन्हा भुकटी लावा."

एकसारखं नाही? तेही उस्तादाचं? घरी येऊन त्याने आठाच्या सोळा खुणा केल्या, शिट्टी काढली, दर वळणाला शिट्टी. गावातली कुत्री काही दिवस फार बेचैन होती. मार्चअखेर दुसरी तपासणी झाली, आणि तांदळाचा दाणा आणखी लांब झाला. आधी जाड तांदूळ होता, आता बासमती.

त्या दिवशी चंद्रपूरहून येणाऱ्या एस्टीत इस्तारीने काच मांडीवर धरली होती आणि पहिल्यांदा त्याला वाटलं, निकेश म्हणतो तेच खरं असेल. आपल्याला उभंच राहता येतं.

ठेल्यासमोर उतरला. घरी जायचं मन होईना म्हणून पोचूच्या बाकड्यावर टेकला. पोचू गिऱ्हाइकाचा खर्रा घोटत होता. पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना. पन्नी दुमडलेली, आणि तळहाताखाली ती पट्टीवर रगडणं चाललेलं. तोंड अर्थातच चालू होतं. कोणाची म्हैस कोणाच्या धानात घुसली, कोणाची सून माहेरी का बसली. इस्तारीची नजर त्याच्या हातांवर गेली ती तिथेच राहिली. पोचू तीनदा घासायचा, पन्नी फिरवायचा. मग सातदा. मग म्हशीची गोष्ट रंगात आली की घासणं थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं ते भलत्याच कोपऱ्यातून. दोन वळणं कधी सारखी नाहीत. आणि पन्नी उघडली तर खर्रा कसा, सगळीकडे सारखा. एक सुपारी मोठी राहिलेली नाही.

"पोचू, तू मोजत नाई का?"

"काय मोजाचं?"

"किती घासे झाले ते."

पोचूला हे फार मोठं खुळ वाटलं. "मोजून घोटला तं एकाच अंगानं घोटल्या जाते ना गा! एक बाजू पीठ, एक बाजू खडे. आपला हात ज्या वळणाले सवकला, तिथंच जाते तो. म्हणून बोलत राहाचं. हात कुठी गेला ते आपल्यालेच मालूम नाई राह्यलं पाहिजे."

इस्तारी उठला आणि घरी न जाता तसाच एस्टीडी बूथवर गेला. मॅडमना फोन लावला, आपल्या आठ खुणा, सोळा खुणा, शिट्टी, सगळं कबूल केलं. मग मॅडम म्हणाल्या, "अहो हवालदार, म्हणजे दर फेरीत काचेची तीच कड त्याच जागी येत होती! इथल्या अकरा जणांना मी सांगून थकले की नीट करा. तुम्हाला सांगायला हवं होतं की इतकं नीट करू नका. तो खर्रेवाला बरोबर बोलला. त्याचा खर्रा मात्र खाऊ नका."

ऐकायला सोपं. करायला? दुसऱ्या दिवशी इस्तारीने खुणा रॉकेलने पुसल्या आणि बिनमोजता घासायला लागला. पाचव्या मिनिटाला ओठ हलायला लागले. एक-दो. त्याने ओठ आवळले, तर पाय मोजायला लागले. पाय अडवले तर श्वास मोजायला लागला. सहा वर्षं दुसऱ्यांना लावलेली सवय त्याच्या हाडात जाऊन बसली होती. एप्रिलचा पहिला आठवडा असाच गेला, आणि निकेशचा निरोप आला की गणवेशाचं माप पाठवा.

तेव्हा इस्तारीने जे केलं ते पाहून गावाची खात्रीच पटली. त्याने चार गड्यांना लावून ड्रम उचलला आणि पोचूच्या ठेल्याशेजारी लिंबाखाली आणून ठेवला.

"काऊन गा?" पोचू म्हणाला. "आता माह्या गिऱ्हाइकायले कवायत शिकवतं का?"

"तू बोल," इस्तारी म्हणाला. "जे मनात येईन ते बोल. मी मोजाले लागलो असं दिसलं का मले काई तरी विचार."

पोचूला आयुष्यात प्रथमच कोणी बोल म्हणत होतं. तो असा फुलला! येणाऱ्या-जाणाऱ्याला तो इस्तारीच्या अंगावर सोडायचा. "रामराम हवालदार, फौजेत मटण किती भेटे?" "हवालदार, बरफ खारट राहते का?" "हवालदार, तुमच्या सायबाले मिशी होती का?" उत्तर द्यायला इस्तारी थांबायचा, आणि पुन्हा सुरू करायचा तेव्हा आपण कुठल्या पायावर होतो ते त्याला आठवायचं नाही. पहिल्या दिवशी तो दर प्रश्नाला चिडला. तिसऱ्या दिवशी तो एका प्रश्नावर स्वतःच हसला. दहाव्या दिवशी पोचूने मुद्दाम विचारलं, "किती घासे झाले?" आणि इस्तारी म्हणाला, "मले काय माहीत?"

रस्त्याची धूळ जाड भुकटीला चालून गेली, पण शेवटची चकाकी आणायला रस्ता नको होता. तेव्हा खालच्या काचेवर राळ ओततात आणि तांबूस भुकटीने अलगद घासतात. एक कण पडला तरी ओरखडा. मे लागल्यावर ड्रम परत घरात आला, तो थेट आतल्या खोलीत. दार लावलेलं, फरशी ओली, पोचूला बंदी. मग बोलायचं कोणी?

गोकुळा मासळीचा बाजार करून आली, हातपाय धुऊन भिंतीशी बसली. "अजी, मीच बोलतो," ती म्हणाली. आमच्याकडे बायाही असंच बोलतात.

आधी बाजारभाव झाले. ते दोन दिवसांत संपले. मग ती मागे मागे जायला लागली. तलावाची पाळ फुटली त्या साली मासोळी धानाच्या बांध्यांत आली होती आणि लोकांनी टोपल्यांनी धरली होती, ते सांगितलं. आचल, त्यांची पोरगी, झाली तेव्हा तीन दिवस तार पोचली नव्हती, ते सांगितलं. सासरा गेला त्या सकाळी त्याने "इस्तारीची गाडी आली का" असं दोनदा विचारलं होतं, तेही सांगितलं.

काच थांबली. "हे तू पत्रात नाई लिहिलं."

"पत्रात काय काय लिवू? पत्र वाचाले तुमी दुसऱ्याले देत नव्हते, पण लिवाले मले दुसऱ्याकडे जा लागे ना." मग थोड्या वेळाने, "थांबले काऊन? घासा."

तो घासायला लागला. कुठून, ते त्यालाही कळलं नाही. सतरा वर्षांचं बोलणं साचलेलं होतं. ते काही एका महिन्यात सरणारं नव्हतं, पण आरशापुरतं पुरलं.

पंचवीस मेला तिसरी तपासणी. खोलीत अंधार झाला, बल्ब लागला. मॅडमनी भिंगाला डोळा लावला. आरसा थोडा फिरवला, पुन्हा पाहिलं. पुन्हा फिरवला. इस्तारी सावधानात उभा होता आणि वेळ जावा म्हणून मनात मोजत होता. चौसष्टपर्यंत गेला आणि पुढचा आकडाच विसरला.

"या, तुम्हीच पाहा," मॅडम म्हणाल्या.

त्याने पाहिलं. ठिपका गोल होता. आरसा फिरवला, तरी गोल.

बारापैकी सात जणांचे आरसे पास झाले. इस्तारी रात्र व्हायच्या आत घरी पोचला आणि गोकुळाला एवढंच म्हणाला, "गोल आहे." तिने निकेशला फोन करायला पैसे काढून दिले.

त्यानंतरचं गावाने पाहिलंच. आठ जून २००४ ला शुक्र सूर्यासमोरून जाणार होता. आरशावर चांदीसारखा मुलामा चढवायला वेळ नव्हता. मॅडम म्हणाल्या, सूर्यासाठी कोरी काचच बरी, भाजत नाही. शाळेच्या मैदानात दुर्बीण उभी राहिली. तिच्या तोंडातून निघणारा उजेड साबणाच्या खोक्यात चिकटवलेल्या पांढऱ्या कागदावर पडत होता. बारापर्यंत ढग होते आणि पोचूने तेवढ्यात तीन बातम्या केल्या. मग आभाळ उघडलं आणि कागदावर ताटलीएवढा सूर्य उतरला. त्याच्या अंगावर एक काळा, गोल ठिपका.

"वर पाहाचं नाई! कागदावर पाहाचं!" इस्तारी गरजत होता. आवाज अजून मैदानाचाच होता.

"लग्नायच्या आडवा येते तो शुक्र हाच का?" गोकुळाने विचारलं. "एवढासा? अन् एवढ्या पोरी बसवून ठेवते?"

पोचूने खोक्यात डोकं घालून खूप वेळ पाहिलं आणि बाहेर येऊन सगळ्यांना सांगितलं, की हा आरसा मुळात त्याच्या तोंडाने घासलेला आहे. यात खोटं काही नव्हतं, त्यामुळे त्याला स्वतःलाच जरा चुकल्यासारखं झालं.

दोन वाजता निकेश फटफटीवर आला, खाणीच्या गणवेशातच. रांग मैदानातून निघून ठेल्यापर्यंत गेलेली. आणि रांगेच्या तोंडाशी भाऊजी ताठ उभे, एकेकाला पुढे सोडत. निकेशला हसू आवरेना. फटफटी लावून तो सरळ खोक्यापाशी गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काय भाऊजी! सात महिने काच घासली अन् शेवटी उभंच राह्यले ना? मंग माह्या गेटानं काय पाप केलं होतं?"

इस्तारीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याचं तोंड रांगेच्या शेपटाकडे वळवलं आणि म्हणाला, "तुह्या गेटावर येणाऱ्याले थांबवा लागते, निकेश. इथी मी घरोघरी जाऊन बलावून आणले. आता तू मांगं जाऊन लाग, पुढं घुसू नको."